म्हनायलंय

ऑफिसात कुणी सहज म्हणतं, "साहेब म्हणतायत, आज सगळ्यांनी थांबायचंय." बाकीच्यांच्या नजरा घड्याळाकडे जातात आणि माझं मन त्या एका शब्दावर अडकतं. म्हणतायत. म्हणजे सांगणाऱ्याला स्वतःला काय वाटतं ते त्यानं सांगितलेलं नाही. शब्दांकडे असं बघायची खोड मला सटवामामांनी लावली. ते असते तर त्यांना माझी गंमत वाटली असती. ते नाहीत, आणि मला गंमत वाटत नाही.

सटवामामा आमच्या गावचे कोतवाल. शहरातल्या लोकांना कोतवाल म्हटलं की फेटा आणि तलवार आठवते, म्हणून सांगते. कोतवाल म्हणजे तलाठ्याचा उजवा हात. नोटिसा पोचवायच्या, दप्तर उचलायचं, पंचनाम्याला बांधाबांधानं पुढं चालायचं आणि गावाला काही कळवायचं असलं की हलगी वाजवत दवंडी द्यायची. मी परभणी शहरात वाढलेली, परीक्षा देऊन तलाठी झालेली. बांध आणि धुरा यांतला फरकही मला तेव्हा कळत नव्हता. तो मामांनी शिकवला, आणि शिकवताना एकदाही हसले नाहीत. गाव झरीच्या पलीकडं आहे की बोरीच्या अलीकडं ते सांगत नाही. हे वाचून कुणा साहेबाला माझी चौकशी लावावीशी वाटली तर त्यांनी खुशाल लावावी, मी नाही म्हणणार नाही.

मामा उंच होते आणि उंचीची लाज वाटत असल्यासारखे थोडे वाकून चालायचे. खाकी शर्ट, पांढरं धोतर, पायात टायरच्या चपला. बोलण्याआधी घसा खाकरायचे, आणि खाकरून झाल्यावर बऱ्याचदा बोलायचेच नाहीत. दवंडीला निघायच्या आधी कागद पेटवून त्यावर हलगी शेकायचे, कानाशी धरून बोटानं टिचकी मारायचे आणि मनासारखा आवाज आला की मान हलवायचे. चौकात उभं राहून तीन ठोके. मग गप्प. ही गप्प राहायची वेळ इतकी लांब असायची की नवख्याला वाटावं, म्हातारा विसरला वाटतं काय सांगायचं ते. एकदा मी विचारलंच.

"त्या वक्ताला गाव कान देतंय, बाई," ते म्हणाले. "हातातलं काम खाली ठिवू द्या की मानसाला."

ग्रामपंचायतीवर भोंगा होता. त्यावरून दिवसभर काही ना काही चालायचं आणि कुणी ऐकायचं नाही. मामांची हलगी वाजली की मात्र बायका दारात यायच्या. मला वाटायचं, जुन्या गोष्टीचं कौतुक असेल. कारण वेगळं होतं, आणि ते मला माझी फजिती झाल्यावर कळलं.

नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात वरून निरोप आला, पाटाचं पाणी सोमवारी सुटणार. मी मामांना दवंडी द्यायला सांगितली. ते फिरून आले. रविवारी संध्याकाळी मी शिवारात गेले तर एकाही माणसानं पाणी शेतात घ्यायची चारी साफ केलेली नाही. मी चिडले. एका शेतकऱ्याला विचारलं, "दवंडी ऐकली नाही का?"

"ऐकली की. मामा म्हनले, पाटबंधारेवाले म्हनायलेत, सोमवारी पानी सुटनार म्हनून."

"मग?"

"मग काय? म्हनायलेतच की ते."

पाणी गुरुवारी आलं.

पुढं पावसाळ्यात ओढ्याला पूर आला तेव्हा मामा छातीएवढ्या पाण्याच्या कडेनं जाऊन पूल बघून आले आणि ओल्या कपड्यांनी चौकात उभे राहिले. "पुलाचा मधला दगूड गेला हाय. मी बगून आलो. गाडी-बैल घालू नका. सांगितलं न्हाई म्हनू नका." त्या दिवशी गावातून एक सायकलसुद्धा ओढ्याकडं गेली नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामांच्या दवंडीच्या दोन जाती होत्या. डोळ्यांनी बघितलेलं ते स्वतःच्या नावावर सांगायचे. बाकी सगळं ज्याचं त्याच्या नावावर: सरकार म्हनायलंय, तहसील म्हनायलंय, तलाठीबाई म्हनायल्यात. गावाला हा फरक पाठ होता. अख्खं गाव दारात उभं राहायचं ते फक्त 'म्हनायलंय' येतंय का हे ऐकायला. आलं की अर्धी माणसं घरात.

मला राग यायचा. कोतवालानं हुकूम सांगायचा असतो, त्यावर असा शेरा मारायचा नसतो. पण मामांवर रागावणं फार वेळ जमायचं नाही.

त्यांची आणखी एक खोड मी बघून ठेवली होती. मारुतीच्या पारावरून खालच्या आळीत शिरताना हलगी वाजत असायची, आणि एका निळ्या दाराच्या घरापाशी ती बंद पडायची. दहा पावलं मामा हलगी छातीशी धरून मान खाली घालून चालायचे, मग पुन्हा ठोका. ते घर किसनआबांचं. आबा आणि त्यांची बायको, दोघंच, दोघंही सत्तरीच्या घरात. दुखणेकरी असतील म्हणून आवाज नको, असं मी समजत होते.

मग तो रोग आला. पुण्याहून परतलेली माणसं आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवली. गावानं शाळेकडं पाठ फिरवली. सख्खे भाऊ डबा द्यायला फाटकापर्यंत येईनात. मामा रोज डबे नेऊन वर्गाच्या दारात ठेवायचे, आणि दुपारी पटांगणात उभं राहून कुणाच्या घरी काय चाललंय ते मोठ्यानं सांगायचे. "रंजे, तुजी म्हैस येली! पारडी झाली! मी बगून आलो!" आत कोंडलेली पोरगी रडत-हसत खिडकीशी यायची. मामांच्या तोंडाला उपरणं बांधलेलं, तेही निम्मं सुटलेलं. भीती वाटत नाही का विचारलं तर म्हणाले, "मानसाला काय भ्यायचं?"

म्हणून पुढं जे झालं त्याचं मला आश्चर्य वाटलं. लस आली. दवाखान्यातल्या लोकांनंतर, फेब्रुवारीत, आमचा नंबर: महसूल, पोलीस, पंचायत. वर्षभर रस्त्यावर उभी राहिलेली माणसं, पण सुईचं नाव निघताच एकेकाची पावलं मागं पडायला लागली. पोलीस पाटलांना अचानक बीपी आठवलं. पंचायतीचा शिपाई म्हणाला, ताप येऊन दोन दिवस पडलो तर माझ्या जागी पाणी कोण सोडणार, आणि हजेरी कोण लावणार? नाली साफ करणाऱ्या गंगूबाईच्या मोबाईलमध्ये कुणीतरी मेल्याची चित्रफीत आली होती, कुठली ते ठाऊक नाही. एकाला दोन महिने दारू सोडावी लागेल असं कळलं होतं, आणि तो मात्र खरं कारण सांगत होता. मी सगळ्यांच्या मागं लागले. स्वतः आधी टोचून घेतली, रात्रभर कण्हले, दुसऱ्या दिवशी हसऱ्या तोंडानं हजर झाले. हळूहळू एकेक तयार झाला.

राहिले मामा.

त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली आणि दंडावरचे रुपयाएवढे दोन वण दाखवले. "माज्या देवी काढल्यात, बाई. ल्हानपनीच."

"मामा, ती देवीची लस. ही वेगळी."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. मग घसा खाकरला, आणि या वेळी बोलले. "मला रोगाचं भ्याव न्हाई. यादीचं हाय. सरकार यादी घिऊन आलं की मी हात मागं घेतो."

त्या दुपारी चावडीच्या ओट्यावर त्यांनी मला निळ्या दाराची गोष्ट सांगितली. त्यांचे वडीलही कोतवाल. नसबंदीच्या वर्षी वरून यादी आली, एवढी माणसं द्या. गावातून कुणी तयार होईना. मग वडिलांना सांगण्यात आलं, दवंडी दे, डोळे तपासायचा फुकट कॅम्प आहे म्हणून.

"बापानं दिली. त्येला वाटलं खरंच डोळं तपासायलेत. ट्रक आला, मानसं चढली. किसनआबाचं लगीन हून धा म्हैनं झालं न्हवतं. बापानंच इचारलं त्येला, तुजं डोळं दुखतेत न्हवं, चल की." मामा बराच वेळ ओट्यावरची माती बोटानं सारखी करत राहिले. "परत आली मानसं, तवा कुनी काई बोललं न्हाई. किसनआबा बी न्हाई बोलला. बापानं हलगी खुंटीला लावली ती मरंस्तोवर काढली न्हाई. मला म्हनला, नोकरी तुला लागंल, कर. पर बगितल्याबिगर तोंड उघडू नको."

मी बी.एस्सी. झालेली, लस कशी काम करते ते मला चित्र काढून सांगता आलं असतं. मामांना चित्र नको होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तहसीलमधून फोन. बाकी सगळ्या तलाठ्यांच्या सज्जांचं काम शंभर टक्के झालंय, तुमचाच एक माणूस राहिलाय, तासाभरात तक्ता पाठवा. समोर कागद होता. एकाच रकान्याला खूण नव्हती. मी विचार केला, पंधरा दिवसांत पटवून देईन, तेव्हा देतील, खूण आज केली काय आणि तेव्हा केली काय. मी लिहिलं: घेतली. सही केली. फोटो काढून पाठवला. वरून अंगठ्याचं चित्र आलं.

आणि खरं सांगते, त्यानंतर मी मामांना लशीचं एकदाही विचारलं नाही. काम कागदावर संपलेलं होतं. मागं लागायचं कारणच उरलं नाही.

मामा मात्र मला रोज विचारायला लागले. सकाळी दप्तर उघडताना, "बाई, बरं हाय न्हवं? हात दुकतो का? जेवान जातंय?" मला वाटायचं, किती माया! दुसरा डोस झाला तेव्हाही आठवडाभर हेच. मधे माझ्या घरी सगळे आजारी पडले. सासूबाई, नवरा, दीर. मीच तेवढी उभी राहून सगळ्यांचं करत होते, आणि मला खोकलासुद्धा झाला नाही. परत आले तेव्हा मामा चावडीत वाटच बघत होते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "दोन म्हैनं झालं, तुमाला बगायलोय."

"म्हणजे?"

"तुमी टोचून घेतल्यापून. आता बगितलं म्या. शाळंत क्यांप हाय न्हवं उंद्या? मी घेनार."

मी आनंदानं त्यांचा हातच धरला. आणि हात धरलेला असतानाच मला तो रकाना आठवला.

तोवर लशीचा तुटवडा सुरू झाला होता. उद्याच्या कॅम्पला डोस थोडेच येणार होते, आणि ज्यांची राहिलीय त्यांच्या यादीप्रमाणेच टोकन द्यायची असं ठरलं होतं. ती यादी मीच केली होती, जुन्या तक्त्यातली नावं वगळून. मामांचं नाव त्यात असणं शक्य नव्हतं. मी ठरवलं, सकाळी सिस्टरच्या कानात सांगू, एक डोस बाजूला ठेवा. छोट्या गावात एवढं जमतं.

सकाळी हलगी वाजली. मी चावडीच्या दारात उभी राहिले. तीन ठोके, मग ती लांबलचक गप्प राहायची वेळ. आणि आवाज आला, "लस आली हाय. शाळंत या. मी बगितलं, घेतल्यालं मानूस उबं ऱ्हातंय. मी घ्यायलोय. तुमी बी घ्या. सांगितलं न्हाई म्हनू नका."

'म्हनायलंय' नव्हतं. समोरच्या घरातली बाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि शेजारणीला म्हणाली, "आगं, मामा सोता घ्यायलाय."

मग हलगी खालच्या आळीत शिरली. मी नकळत मोजायला लागले होते, आता बंद पडेल. पडली नाही. निळ्या दारासमोर ती थांबून वाजली. मामा तिथं आबांशी काय बोलले ते मला माहीत नाही. अर्ध्या तासानं आबा काठी टेकत शाळेच्या फाटकातून आत आले आणि त्यांच्यामागून अर्धी आळी.

मामांनी डावी बाही सकाळीच दुमडून वर घेतली होती, सगळ्यांना दिसावी म्हणून. ते दोन वण उन्हात चकाकत होते. दिवसभर त्यांनी रांग लावली, म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं, पाणी पाजलं, कुणी बिचकलं की आपला दंड पुढं करून म्हणायचे, "मी हाय की तुज्या मागं." स्वतः शेवटी उभे राहिले. आणि नेमके त्याच वेळी तालुक्याहून साहेब पाहणीला आले. सकाळी गर्दीत राहून गेलं म्हणून मी आता सिस्टरशी बोलायला उठले होते ती तशीच बसले.

टेबलावरच्या पोरानं नाव विचारलं. यादीवर बोट फिरवलं, मग तक्त्यावर. "मामा, तुमचं नाव न्हाई यात. तुमची तर झालीया. हे काय, तलाठी मॅडमची सही."

साहेब म्हणाले, "झालेल्यांनी गर्दी करू नका."

बाटलीत एक डोस शिल्लक होता. सिस्टरनं तसं म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. मामांनी माझ्याकडं बघितलं. दवंडीच्या आधी गावाला जेवढा वेळ द्यायचे ना, हातातलं काम खाली ठेवायला, तेवढा वेळ त्यांनी मला दिला. मी बोलले असते तर काय झालं असतं? एक नोटीस. फार तर एक वेतनवाढ. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांनी एक शब्द काढला असता तरी मी उघडी पडले असते, आणि ते त्यांना कळत होतं.

"झालीया का?" मामा म्हणाले. "बरं."

ते गेले त्याला आता वर्षं झाली. त्या कॅम्पनंतर तिसऱ्या आठवड्यात ताप आला, परभणीला नेलं, परत आणलं नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मी आडून विचारलं, तीन आठवड्यांपूर्वी एक डोस मिळाला असता तर? ते म्हणाले, वाचलेही असते, नसतेही, एका डोसाचं सांगता येत नाही. मला हे उत्तर सोसत नाही. आणि फेब्रुवारीत मी ती खूण केली नसती, रोज मागं लागले असते, तर दोन डोस झाले असते की नाही, हे तर मी कुणाला विचारायची हिंमतच केली नाही. त्यांच्या जागी नवा कोतवाल आलाय. चांगला आहे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकतो. चावडीच्या खुंटीवरची हलगी घरी न्यायला कुणी आलं नाही, आणि ती तिथून काढा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. भिंतीकडं पाठ करून बसते, तरी तीन ठोके ऐकू आल्यासारखे होतात आणि मी हातातलं पेन खाली ठेवते.

मला ते अजून दिसतात ते त्या कॅम्पच्या दिवशीचे, शाळेच्या पटांगणातले. टेबलापासून वळून हलगी काखेत धरून ते फाटकाकडं निघाले. मी चार पावलं मागं होते, हाक मारावी असं म्हणत होते. लिंबाखालच्या बाकावर लस घेतलेली माणसं अर्धा तास बसवून ठेवली होती. त्यात शेवटी शेवटी नंबर लागलेले किसनआबा होते, दंडावर कापूस दाबून. पंचेचाळीस वर्षांनी त्या घराण्याच्या दवंडीवर विश्वास ठेवून आलेले.

"काय रं सटवा," आबांनी विचारलं, "झाली का तुजी?"

मामा थांबले. घसा खाकरला.

"तलाठीबाई म्हनायल्यात," ते म्हणाले, "झाली म्हनून."

दुमडलेली बाही त्यांनी खाली सोडली, मनगटाची गुंडी लावली आणि फाटकातून बाहेर गेले. आबांनी दंडावरचा कापूस काढून हातात घेतला, आणि माझ्याकडं बघितलं.